न शिकवलेला शब्द

माझा भाचा साडेतीन वर्षांचा असताना एका दुपारी अचानक "अम्मी" म्हणाला. अगदी स्पष्ट. बहिणीचे हात कणकेत होते. तशाच हातांनी तिने मला फोन लावला. रडतही होती आणि हसतही होती. संध्याकाळी सगळं घर त्याच्याभोवती जमलं. "बोल बेटा, अम्मी बोल." त्याने तोंड उघडलं, ओठ जुळवले, पुन्हा सोडले. जीभ जागा शोधत असल्यासारखी तोंडात फिरत होती. एकदा "बम्मी" निघालं, एकदा "अई", मग नुसता "आ". शेवटी त्याने तोंड फिरवलं आणि आजीच्या पदराआड जाऊन बसला. तो शब्द गेला तो पुढचे दोन महिने परत आला नाही.

तोपर्यंत आम्ही सगळे एकच गोष्ट सांगत होतो, की मूल उशिरा बोलतंय. त्याची दादी म्हणायची, "इसका बाप बी चार साल का होके बोल्या." शेजारच्या काकूंनी वेखंड उगाळून मधातून जिभेला लावायला सांगितलं, तेही झालं. कुणी नजर उतरवली. कुणी म्हणालं जिभेखालचा पडदा कापून घ्या. एका नातेवाइकाने बहिणीलाच सुनावलं, "दिवसभर मोबाइल हातात दिला की पोरं मुकी होतात." हे शेवटचं बोलणं तिने मनावर घेतलं. पुढे निदान झालं तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला तो इलाजाचा नव्हता. "माझ्यामुळे झालं का?" असं तिने विचारलं.

पण निदान होण्याआधी एक वर्ष वाया गेलं, आणि ते कसं गेलं हे सांगणं मला गरजेचं वाटतं.

आम्ही त्याला पहिल्यांदा ज्या क्लिनिकमध्ये नेलं त्याचं नाव मी घेणार नाही. तिथल्या लोकांच्या मनात खोट नव्हती. आठवड्यातून एकदा अर्धा तास. त्यात मेणबत्ती फुंकणं, स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे काढणं, शिट्टी वाजवणं, जिभेने ओठावरचा मध चाटणं. सहा महिन्यांत पोरगा शिट्टी उत्तम वाजवायला लागला. बोलणं होतं तिथेच राहिलं. फुंकण्याने स्नायू मजबूत होतात आणि त्यामुळे बोलणं सुधारतं असा भक्कम पुरावा नाही, हे मला फार नंतर वाचायला मिळालं.

दुसरी गोष्ट जास्त खोल लागली. तिथे सांगण्यात आलं, "घरात दोन भाषा आहेत, मुलाचा गोंधळ होतोय. एकच भाषा ठेवा. मराठीच बोला." सोलापुरात आमच्या घरात दखनी बोलली जाते, गल्लीत मराठी, दुकानात दोन्ही आणि वर थोडी तेलुगू-कानडी. आम्हाला यात कधी गोंधळ वाटला नाही. पण पोराचं भलं होणार असेल तर काहीही करायचं, म्हणून बहिणीने ठरवलं की त्याच्याशी फक्त मराठी बोलायचं. तिला मराठी उत्तम येते, तिचं शिक्षणच मराठी माध्यमात झालं. पण दादीला तेवढी येत नाही. मग दादी नातवासमोर गप्प राहू लागली. त्याला झोपवताना ती जे गुणगुणायची तेही थांबलं. घरात एक मूल बोलत नव्हतंच, आता त्याच्यामुळे एक म्हातारं माणूसही बोलेनासं झालं. मी मराठीत लिहिणारा माणूस आहे, या भाषेवर माझा जीव आहे. तरी त्या सहा महिन्यांत माझ्या बहिणीच्या घरात मराठी ही औषधासारखी, नाक दाबून प्यायची गोष्ट झाली होती, याचं मला वाईट वाटतं.

पुढे एका बालरोगतज्ज्ञांनी पुण्याच्या एका स्पीच थेरपिस्टचा नंबर दिला. आम्ही पहाटे उठून हुतात्मा एक्स्प्रेसने गेलो. मॅडमनी आधी दीड तास त्याच्याशी फक्त खेळ केला. एकच शब्द पाच-पाच वेळा म्हणवून घेतला आणि दर वेळी काय निघालं ते लिहून ठेवलं. "पाणी" पाच वेळा पाच प्रकारे निघालं. स्वरही बदलत होते. दोन अक्षरांच्या मध्ये तो थांबत होता, आणि शब्द लांबला की जास्त अडखळत होता. समज मात्र वयापेक्षा पुढची. मग मॅडमनी शांतपणे नाव सांगितलं: चाइल्डहूड अप्रॅक्सिया ऑफ स्पीच.

माझे मेहुणे चादरीच्या कारखान्यात जॅकार्डच्या मागावर काम करतात. मॅडमना ते कळल्यावर त्यांनी त्यांच्याच भाषेत समजावलं. सूत चांगलं आहे, माग चांगला आहे, ताणा-बाणा सगळं ठीक. पण कुठला धागा कधी उचलायचा हे सांगणारी ती भोकांची कार्डं असतात ना, त्यांचा क्रम लागत नाही. म्हणून नक्षी दर वेळी वेगळी उमटते. ओठ-जीभ कमजोर नाहीत. मेंदूकडून त्यांना जाणाऱ्या हालचालींच्या आराखड्यात अडचण आहे. मेहुणे बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कार्डं पुन्हा ओवता येतात." मॅडम म्हणाल्या, "येतात. पण एक-एक करून, आणि खूप वेळा."

घरी आल्यावर मी वाचायला बसलो. हा विकार विरळ आहे, साधारण हजारात एक किंवा दोन मुलांना असावा असा अंदाज दिला जातो. अमेरिकेतल्या स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशनने २००७ साली त्याची जी तीन लक्षणं मांडली ती मॅडमच्या वहीत जशीच्या तशी होती: एकच शब्द दर वेळी वेगळा चुकणं, एका ध्वनीवरून दुसऱ्यावर जाताना रेंगाळणं किंवा तुटणं, आणि बोलण्याचा ठेका बिघडणं. लंडनच्या एका कुटुंबात तीन पिढ्यांमधल्या जवळपास निम्म्या माणसांना हा त्रास होता. त्यांचा अभ्यास करता करता २००१ साली शास्त्रज्ञ फॉक्सपी२ नावाच्या जनुकापर्यंत पोहोचले. सगळ्या मुलांत हेच कारण नसतं, बहुतेकांत कारण सापडतही नाही. पण मोबाइलने हा विकार होत नाही, आईच्या कमी बोलण्याने होत नाही आणि घरातल्या दोन भाषांनीही होत नाही. मी हे बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "परत वाच." मी परत वाचलं.

या वाचनात मला एक गोष्ट सापडली. तिच्यासाठीच खरं तर हा लेख लिहायला घेतला.

लंडनच्या नफील्ड सेंटरमधल्या थेरपिस्टनी १९८५च्या सुमारास अशा मुलांसाठी चित्रांचा एक कार्यक्रम तयार केला. तो प्रयोगशाळेत जन्मला नव्हता. रोज मुलं समोर येत होती, त्यांच्याबरोबर काय जमतं, काय जमत नाही, यातून तो उभा राहिला. आधी एक ध्वनी, मग अक्षर, मग दोन अक्षरं, मग शब्द. वीट वीट रचत जायचं. अनेक थेरपिस्टनी तो वापरला. दुसरीकडे ऑस्ट्रेलियात सिडनी विद्यापीठातल्या पॅट्रिशिया मॅकेब, किरी बॅलार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शरीर कुठलीही हालचाल कशी शिकतं या अभ्यासावरून वेगळी पद्धत बसवली, तिचं नाव 'रेस्ट'. यात मुलाला तीन अक्षरांचे निरर्थक शब्द म्हणायला लावतात. जुन्या चुकीच्या सवयी चिकटलेल्या नाहीत असा कोरा शब्द हवा, म्हणून निरर्थक. एका बैठकीत सुमारे शंभर वेळा म्हणायचं. आणि दर वेळी "छान, छान" करायचं नाही. निम्म्या वेळा गप्प राहायचं, म्हणजे मूल स्वतःच्या कानाने पारखायला शिकतं.

मग त्यांनी एक प्रामाणिक काम केलं. आपली पद्धत आणि थेरपिस्टची जुनी पद्धत समोरासमोर ठेवली. ४ ते १२ वर्षांची २६ मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागली. प्रत्येकाला तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास. २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला: दोन्ही पद्धतींनी मुलं सुधारली. थेरपी संपल्या संपल्या शिकवलेल्या शब्दांत नफील्डची मुलं पुढे होती. चार महिन्यांनी पाहिलं तर 'रेस्ट'च्या मुलांनी कमावलेलं जास्त टिकवलं होतं. यात जिंकलं कोण? मला वाटतं, मुलं जिंकली. थेरपिस्टनी तीस वर्षं अनुभवाने जे केलं ते वाया नव्हतं हे सिद्ध झालं, आणि संशोधकांना कळलं की त्यांची नवी कल्पना खऱ्या मुलांवर चालते.

२०१८ साली कॉक्रेन संस्थेने या विकाराच्या इलाजावरचे जगभरातले अभ्यास चाळले, तेव्हा त्यांच्या कसोटीला उतरणारा असा प्रयोग त्यांना एकच मिळाला. हाच, २६ मुलांचा. अख्ख्या जगात एक. हे वाचून मी पुस्तक मिटावं तसा लॅपटॉप मिटला. आमचं पोरगं ज्या वाटेवर उभं होतं त्या वाटेवर दिवे इतके कमी होते.

पण दिवा लावायचा कुणी? संशोधकाकडे मोजण्याचं तंत्र असतं, पण त्याच्याकडे रोज मुलं येत नाहीत. थेरपिस्टकडे मुलं येतात, पण मोजायला वेळ नसतो. दोघं एकत्र आले की प्रश्नही खरे पडतात. उदाहरण सांगतो. आठवड्यातून चार दिवस थेरपी हे कागदावर छान. पण थेरपिस्ट म्हणाल्या, एवढे दिवस द्यायला आमच्याकडे जागा नाही आणि आईबापांना येणं जमत नाही. मग सिडनीच्या गटाने आठवड्यातून दोनदा करून पाहिलं. मुलं सुधारली, पण चार दिवसांचा फायदा जास्त टिकणारा होता. व्हिडिओ कॉलवर करून पाहिलं, तेही जमलं. निम्मा भार आईवडिलांवर टाकून पाहिला, तेव्हा मात्र फायदा तितका स्पष्ट दिसला नाही. मला हा शेवटचा निष्कर्ष सर्वांत मोलाचा वाटतो. आपल्याकडे "घरी सराव करून घ्या" म्हणून वही बंद केली जाते आणि मूल सुधारलं नाही की दोष आईच्या माथी येतो. आई ही थेरपिस्ट नाही, ती आई आहे, हे तिथे मोजून दाखवलं गेलं.

आमच्या मॅडमनी सिडनीचं मोफत ऑनलाइन प्रशिक्षण घेतलं होतं. तरी त्या म्हणाल्या, "याच्यासाठी ती पद्धत आत्ता नाही. हा लहान आहे, आणि याच्याकडे शब्दच कमी आहेत." त्यांनी अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या एडिथ स्ट्रँड यांनी विकसित केलेली पद्धत घेतली. समोरासमोर बसायचं. माझ्याकडे बघ, ऐक, माझ्याबरोबर म्हण. आधी दोघांनी एकदम, अगदी सावकाश. मग मी म्हणते, तू माझ्यामागून म्हण. मग थोडं थांबून म्हण. जमलं नाही की पुन्हा एक पायरी खाली. गरज पडली तर बोटाने ओठांना दिशा द्यायची. शब्द थोडेच, पण त्याच्या रोजच्या गरजेचे.

महिन्यातून दोन दिवस बहीण त्याला घेऊन कोंढव्यात आमच्या खालाकडे मुक्कामाला जायची. बाकी आठवड्यातून तीनदा व्हिडिओ कॉल. कॉलवर "एकदम म्हणणं" जमत नाही, आवाज मागे-पुढे होतो. म्हणून पोराच्या शेजारी बहीण बसायची, त्याच्याबरोबर ती म्हणायची, आणि मॅडम पडद्यावरून दोघांकडे बघत सांगायच्या. भाषेबद्दल बहिणीने घाबरत विचारलं तेव्हा मॅडमनी उलट प्रश्न केला, "त्याला कुणाशी बोलायचंय?" मग म्हणाल्या, "दादीला सांगा, जे बोलायचात तेच बोला." त्या रात्री घरात काय झालं ते बहिणीने मला फोनवर नीट सांगितलंही नाही. एवढंच म्हणाली, "दादी पुन्हा गुणगुणली."

मग यादी करायची वेळ आली. मॅडमनी बहिणीला अठरा शब्द काढायला सांगितलं. त्यातले सहा शिकवायचे. सहा त्यांच्यासारख्याच ध्वनींचे, पण शिकवायचे नाहीत. आणि सहा अगदी वेगळ्या ध्वनींचे, तेही शिकवायचे नाहीत. थेरपी सुरू होण्याआधी तीन वेगवेगळ्या दिवशी सगळे अठरा शब्द म्हणवून रेकॉर्ड केले. नंतर दर महिन्याला पुन्हा.

बहीण चिडली. "माझं मूल आहे, प्रयोगशाळा नाही. सगळे शब्द का नाही शिकवायचे?" मलाही राग आला होता. शिकवण्याच्या यादीत अम्मी, दादी, पाणी असे शब्द होते. "मामू" दुसऱ्या यादीत होता. म्हणजे मला मुद्दाम बाहेर ठेवलं होतं.

मॅडमनी समजावलं ते असं. सगळे अठरा शब्द एकदम घेतले तर कुठलाच पुरेसा वेळा म्हणून होणार नाही. शिवाय सहा महिन्यांनी मूल सुधारलं तर ते थेरपीमुळे की वयामुळे, हे कळणार कसं? शिकवलेले शब्द सुधारले आणि वेगळ्या ध्वनींचे शब्द होते तिथेच राहिले, तर थेरपी काम करतेय. सगळेच सारखे सुधारले, तर तो वाढतोय, पैसे वाचवा. काहीच सुधारलं नाही, तर मी पद्धत बदलेन, तुमचं आणखी एक वर्ष घालवणार नाही. हे शेवटचं वाक्य ऐकून बहीण शांत झाली. फुंकणी-शिट्टीच्या सहा महिन्यांत कुणी असं मोजलं असतं, तर दुसऱ्या महिन्यातच कळलं असतं.

रेकॉर्डिंग तपासायचीही रीत होती. मॅडम स्वतः गुण देत नसत. त्यांची एक सहकारी ऐकायची, आणि कुठलं रेकॉर्डिंग आधीचं, कुठलं नंतरचं हे तिला सांगितलेलं नसायचं. माणूस आपल्या मेहनतीला जास्त गुण देतो, म्हणून हे पथ्य. एकाच मुलावर बेतलेल्या अशा मोजणीची रीत संशोधनात मान्य आहे. त्यासाठी मोठी इमारत लागत नाही, शिस्त लागते.

चौथ्या महिन्याच्या रेकॉर्डिंगला मी तिथे होतो. शिकवलेल्या सहापैकी चार शब्द ठीक आले. "अम्मी" पाचपैकी पाच वेळा. मग मॅडमनी माझा फोटो समोर धरला. त्याने ओठ मिटले, जरा थांबला आणि म्हणाला, "मा-मू." मधे फट होती. पण होता मामूच. कुणी शिकवला नव्हता. तिसऱ्या यादीतली "खिडकी" मात्र पाच वेळा पाच प्रकारे फुटली, पहिल्या दिवशी फुटली होती तशीच.

मला वाटलं मॅडम माझ्याबद्दल खूश होतील. त्या वहीत बघत होत्या. म्हणाल्या, "बघा, अम्मीमधला म मामूमध्ये गेला. खिडकीत काही गेलं नाही. म्हणजे आपलं काम पोहोचतंय, आणि कुठवर पोहोचतंय तेही दिसतंय." मला माझं नाव ऐकू आलं होतं, त्यांना एक उत्तर. दोन्ही खरं होतं.

परतताना मी त्यांना विचारलं की या वहीचं पुढे काय होणार. त्या हसल्या. म्हणाल्या, "कपाटात जाईल." त्यांच्याकडे अशा आणखी काही मुलांच्या वह्या आहेत. इंग्रजीत शब्दातल्या कुठल्या अक्षरावर जोर येतो याला फार महत्त्व आहे, 'रेस्ट'चे निरर्थक शब्द त्यावरच बेतलेले आहेत. मराठीत जोराने शब्दाचा अर्थ तसा बदलत नाही. पण आपल्याकडे ट आणि ठ आहे, ण आहे, ळ आहे, प आणि फ, ब आणि भ यांतला श्वासाचा फरक आहे. आपली मुलं नेमकी कुठे अडखळतात? घरात एक भाषा आणि बालवाडीत दुसरी असेल तर एका भाषेतला सराव दुसरीत उतरतो का? ही उत्तरं सिडनीहून येणार नाहीत, ती आपल्याच क्लिनिकांमधल्या वह्यांतून यावी लागतील. मुंबईत वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ साली स्थापन झालेली, महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेल्या नवाब अली यावर जंग यांच्या नावाची. म्हैसूरला वाचा-श्रवणाची अखिल भारतीय संस्था आहे. तिथे संशोधक आहेत, विद्यार्थी आहेत. इकडे सोलापूर, नांदेड, मालेगावात थेरपिस्ट आहेत आणि मुलं आहेत. या दोघांनी एकत्र बसायला हवं. थेरपिस्टने आपली वही उघडावी, संशोधकाने मोजायला मदत करावी, आणि प्रश्न दोघांनी मिळून ठरवावेत. आईबापांनाही त्या बैठकीत जागा असावी, कारण कुठला शब्द आधी हवा हे त्यांनाच माहीत असतं.

दादी पहिल्या दिवसापासून नातवासाठी एक दुआ पढते. हजरत मूसांनी मागितलेली, जिभेची गाठ सुटावी म्हणून. मी लहानपणापासून ती ऐकत आलो, परीक्षेला जाताना आम्हीही पढायचो. या काळात माझं लक्ष तिच्या पुढच्या भागाकडे गेलं. जिभेची गाठ सुटावी एवढंच मागून मूसा थांबत नाहीत, ते मदतीला भाऊ हारून मागतात. बोलण्यासाठी जोडीदार मागण्यात पैगंबरांना कमीपणा वाटला नाही. मग थेरपिस्टला संशोधकाची आणि संशोधकाला थेरपिस्टची मदत मागायला संकोच का वाटावा?

भाचा आता सहा वर्षांचा आहे. बोलणं अजून सरळ नाही. लांब शब्द तुटतो, घाईत असला की अनोळखी माणसाला कळत नाही, शाळेत मुलं कधी हसतात. पण तो बोलायचं सोडत नाही. दादीशी दखनीत भांडतो, बाईंना मराठीत उत्तर देतो. "खिडकी" आता शिकवण्याच्या यादीत आली आहे.

तुमच्या घरात, शेजारात असं मूल असेल, समजतं सगळं पण शब्द दर वेळी वेगळा निघतो, आज आलेला शब्द उद्या हरवतो, तर थांबू नका आणि आईला दोष देऊ नका. वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या. आणि दोन प्रश्न जरूर विचारा: हे काम करतंय हे आपल्याला कसं कळणार, आणि नाही केलं तर तुम्ही काय बदलणार? आम्ही हे प्रश्न एक वर्ष उशिरा विचारले.